संज्ञा आणि उत्तरदायित्व : कूटचलनाच्या सरकारी व्याख्येविषयी

क्रिप्टोकरन्सी अर्थात कूटचलन यांच्या नियमनाचा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा मानला जातो. वस्तुतः तो प्रथम संज्ञेचा प्रश्न आहे. कारण शासन एखाद्या वस्तूस जे नाव देते, त्यावरूनच तिच्यासंबंधीची कर्तव्ये ठरतात.

भारतातील घटनाक्रम या दृष्टीने उद्बोधक आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकात 'आभासी चलन' ही संज्ञा योजून त्याच्या व्यवहारांस बँकांची सेवा बंद केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक प्रमाणबाह्य ठरवून रद्द केले. पुढे २०२२ च्या वित्त अधिनियमाने 'चलन' हा शब्द टाळून 'आभासी डिजिटल मालमत्ता' ही संज्ञा स्वीकारली. तिच्या व्याख्येत माहिती, संकेत, संख्या, टोकन, मग त्यांस कोणतेही नाव असो, या साऱ्यांचा समावेश होतो. भारतीय व परकीय चलन वगळले आहे. उत्पन्नावर ३० टक्के कर बसला. तोटा मात्र अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही.

कापूस व सोने यांच्या व्यापारावर वाढलेल्या जळगाव-धुळ्याच्या पेठांना शासनाने न काढलेले, केवळ पतीवर चालणारे एक साधन पूर्वापार परिचित आहे : हुंडी. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने पौर्वात्य भाषांतील अशा पत्रांपुरता स्थानिक रिवाज अबाधित राखला. पत्राच्या मजकुरातच विरुद्ध हेतू व्यक्त झाला असेल तेवढाच अपवाद. ही मोकळीक निभावली, याचे एक कारण पेढीच्या भाषेचा नेमकेपणा हे होय. 'दर्शनी' व 'मुदती' हे शब्द पैसे केव्हा द्यावयाचे ते सांगत. 'धनीजोग' व 'शहाजोग' हे कोणास द्यावयाचे ते. 'जोखमी' हुंडीत माल सुखरूप पोहोचण्याची अट अंतर्भूत असे.

नव्या संज्ञेत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. शिवाय 'आभासी' हे विशेषण दिशाभूल करणारे आहे. कर खरा असतो आणि बुडालेली रक्कमही खरीच असते. तंत्र सतत बदलत असल्याने करवसुलीसाठी व्यापक व्याख्या आवश्यक होती, हे मान्य केले पाहिजे. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने मध्यस्थांवर ग्राहकांची ओळख व नोंदी ठेवण्याचे बंधनही आले. परंतु ही दोन्ही कर्तव्ये शासनाप्रत आहेत. धारकाप्रत कोण उत्तरदायी, हे त्या व्याख्येवरून कळत नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमावलीत एकाच अधिकृत चलनाशी निगडित, अन्य मूल्यांशी निगडित व उर्वरित असे तीन वर्ग पाडून प्रवर्तकाची कर्तव्ये वर्गानुसार निश्चित केली, ती याच कारणास्तव.

सर्वसमावेशक नाव कर गोळा करण्यास पुरते. विश्वासाच्या व्यवहारास ते पुरत नाही. धुळ्याच्या पेढीवर हुंडी घेणारा आपला देणेकरी कोण हे तिच्या मजकुरावरून सांगू शके. आजच्या धारकास तेवढे सांगता येईल अशी परिभाषा घडविणे, हे नियमनाचे पहिले कार्य ठरते.