पित्याची अनुपस्थिती : एका कार्यकारणसंबंधाची चिकित्सा

ज्या घरात पिता नाही त्या घरातील मुली लैंगिक जीवनाकडे लवकर वळतात, हे विधान पाश्चात्त्य मानसशास्त्रात इतके रुळले आहे की, तो निव्वळ सहसंबंध आहे याचा विसर पडावा.

मेव्हिस हेदरिंग्टन यांचा 1972 सालचा अमेरिकन अभ्यास लहानच होता : अखंड कुटुंबातील, घटस्फोटितांच्या व विधवांच्या प्रत्येकी 24 किशोरवयीन मुली. त्यातील एक निरीक्षण मात्र मार्मिक आहे. मुलाखत घेणारा पुरुष असे तेव्हा घटस्फोटितांच्या मुली त्याच्या जवळची खुर्ची निवडीत, विधवांच्या मुली दूरची. पिता दोन्ही घरांत नव्हता. हेदरिंग्टन यांनी या भेदाचे मूळ मातांच्या गतपतीविषयीच्या भावनेत शोधले. पुढील अनेक संशोधकांनी मात्र मृत्यू आणि विभक्ती एकाच रकान्यात घातली, हे नवल होय.

1991 साली बेल्स्की, स्टाइनबर्ग व ड्रेपर यांनी उत्क्रांतिवादी उपपत्ती मांडली. बालपणीच्या अस्थिरतेतून नाती टिकाऊ नसतात अशी धारणा बनते व यौवनागम लवकर होतो, असा तिचा आशय. ब्रूस एलिस व सहकाऱ्यांनी 2003 साली अमेरिकेतील 242 व न्यूझीलंडमधील 520 मुलींच्या दीर्घकालीन पाहणीवरून दाखविले की, पिता जितका लवकर दुरावला तितका धोका अधिक. दारिद्र्यादी घटक हिशेबात घेऊनही संबंध उरतो. परंतु जे मोजले तेवढेच हिशेबात घेता येते. आनुवंशिकता मोजलेली नव्हती.

जेन मेंडल व सहकाऱ्यांनी 2009 साली नेमके येथेच बोट ठेवले. त्यांनी बहिणी-बहिणींच्या मुलांची तुलना केली. (इंग्रजीत यासाठी शब्दसमूह योजावा लागतो, मराठीत ‘मावसभावंडे’ म्हटले की पुरते.) एकाचा पिता घरी, दुसऱ्याचा नाही, असे असूनही प्रथम संबंधाच्या वयात अपेक्षित अंतर दिसले नाही, रक्ताचे नाते जितके निकट तितके वयाचे साम्य अधिक. ज्या स्वभावगुणांमुळे विवाह मोडतो तेच अपत्यात उतरत असावेत, हा अन्वयार्थ त्यातून निघतो.

तथापि मावसभावंडांत पित्याकडील वारसा भिन्नच राहतो, हे या पद्धतीचे न्यून आहे. या ठिकाणी हेदरिंग्टन यांची जुनी विभागणी पुन्हा उपयोगी पडते. पित्याचा मृत्यू बहुधा त्याच्या स्वभावावर अवलंबून नसतो. घटस्फोट काही अंशी असतो. विधवांच्या मुलींचे वेगळेपण म्हणूनच आनुवंशिक अन्वयार्थाशीही जुळते आणि मातेच्या मनोवृत्तीच्या अन्वयार्थाशीही. मावसभावंडांतच मृत्यू व विभक्ती यांची पृथक् नोंद ठेवून तुलना केली, तरच या दोहोंतील निवड शक्य होईल.