लुमेनच्या तराजूत रंगमंच

दिव्यांच्या तुलनेचा तक्ता कोठेही छापलेला असो, त्यातला पहिला रकाना ठरलेला असतो : एका वॅटला किती लुमेन? रंगमंचावरील दिव्यांची तुलनाही बहुधा याच रकान्यापासून सुरू होते. टंगस्टन-हॅलोजन दिवा २५ ते ३०, मेटल हॅलाइडचा विसर्जन दिवा ८० ते ९५, पांढरा एलईडी १०० किंवा त्याहून अधिक. झाला निकाल! एलईडी पहिला, हॅलोजन नापास. रस्त्यावरच्या किंवा वर्गातल्या दिव्यासाठी हा निकाल बऱ्याच अंशी योग्य आहे. रंगमंचासाठी मात्र तो अपुरा आहे आणि काही बाबतींत चक्क चुकीचा आहे. कसा, ते पाहू.

लुमेन हे प्रकाशाच्या ऊर्जेचे निव्वळ माप नव्हे. आपला डोळा ज्या तरंगलांबीला जितका संवेदनशील, तितके गुण त्या तरंगलांबीला देऊन हे माप काढतात. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त गुण मिळतात : एक वॅट प्रकाश म्हणजे ६८३ लुमेन. ६६० नॅनोमीटरच्या गडद तांबड्या प्रकाशाचा तोच एक वॅट भरतो फक्त ४२ लुमेन आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचा अवघा २६. समजा, उद्या कोणी सगळीच्या सगळी वीज या निळ्या प्रकाशात बदलणारा, म्हणजे शंभर टक्के कार्यक्षम दिवा बनवला. तक्त्यात त्याच्यापुढे २६ हाच आकडा पडेल. तो हॅलोजनच्या रांगेत जाऊन बसेल! उलट कमी दाबाचा सोडियम दिवा दीडशेच्या वर गुण मिळवतो. पण त्याचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्या रंगाचा. त्याच्याखाली राजाची लाल शाल आणि प्रधानाची निळी शाल दोन्ही सारख्याच मळकट दिसतील. तक्त्यातला हा हुशार विद्यार्थी रंगमंचावर पार निरुपयोगी ठरतो.

हा केवळ कागदावरचा वाद नाही. २०१८ साली युरोपीय संघाच्या प्रस्तावित नियमांत, २०२० च्या सप्टेंबरपासून प्रकाशस्रोतांनी वॅटला किमान ८५ लुमेन द्यावेत, अशी अट होती. वीज वाचवण्याचा हेतू चांगलाच होता. पण रंगमंचाला स्वतंत्र सूट नसती तर हॅलोजन दिवे तर गेलेच असते, शिवाय रंगीत प्रकाश देणारे पुष्कळ एलईडी दिवेही नियमाबाहेर पडले असते. गडद निळा प्रकाश देणारा आदर्श दिवाच जेथे २६ वर थांबतो, तेथे प्रत्यक्षातल्या दिव्याने ८५ कोठून आणावेत? युरोपातील नाट्यकर्मींनी याविरुद्ध मोहीम उघडली आणि २०१९ मध्ये संमत झालेल्या नियमांत रंगमंचासाठीच्या अनेक दिव्यांना सूट मिळाली. चूक कायदा करणाऱ्यांच्या हेतूत नव्हती, मोजपट्टीच्या निवडीत होती.

मग रंगमंचाची मोजपट्टी कोणती? पहिली कसोटी वर्णपटाची. हॅलोजन दिव्याचा तंतू सुमारे ३२०० केल्विनला तापतो आणि जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचा सलग वर्णपट देतो. त्यात निळा कमी, तांबडा भरपूर. पण खंड कोठेही नाही. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश निघतो आणि त्यावरील प्रस्फुरक लेपामुळे त्यातला काही भाग हिरव्या-पिवळ्या-तांबड्यात बदलतो. त्यामुळे ४५० नॅनोमीटरपाशी शिखर, ४८० च्या आसपास दरी आणि साध्या प्रतीच्या दिव्यात गडद तांबड्याचा दुष्काळ. दोन्ही दिव्यांखाली पांढरी भिंत सारखीच पांढरी दिसू शकते. चेहरा मात्र सारखा दिसत नाही. त्वचेची टवटवी तांबड्या प्रकाशाच्या परावर्तनावर अवलंबून असते. तो तांबडा मुळातच नसेल तर चांगला रंगवलेला नटही आजारी वाटतो.

‘त्यासाठी वर्णदर्शन निर्देशांक आहे की,’ असे कोणी म्हणेल. हा शंभरपैकीचा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांवरून सरासरी काढून ठरतो. गडद तांबड्याचा नमुना आहे, पण तो नववा; सरासरीत धरलाच जात नाही. म्हणजे ८० गुणांचा दिवा नेमक्या कुंकवाच्या रंगात नापास असू शकतो आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर ते दिसतही नाही! सरासरीवरून विद्यार्थी ओळखता येत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. २०१५ साली अमेरिकेत ९९ नमुन्यांची नवी पद्धत आली, ती याच उणिवांमुळे.

दुसरी कसोटी मावळण्याची. नाटकात दिवा नुसता लागत नाही. तो उजळतो, मंदावतो, विझत जातो. हॅलोजनला निम्मे व्होल्टेज दिले तर वीज सुमारे एक तृतीयांश लागते, प्रकाश मात्र एक दशांशच उरतो आणि तंतूचे तापमान २४०० केल्विनच्या आसपास येऊन तो प्रकाश सोनेरी होतो. संध्याकाळ अशी आपोआप उतरते. विसर्जन दिव्यातील विद्युत-ठिणगी इतकी मंद करता येत नाही. तेथे प्रकाशापुढे यांत्रिक झडप आणावी लागते. एलईडी मंद होतो, पण रंग न बदलता. शिवाय नियंत्रणाला २५६ च पायऱ्या असतील, तर अंधाराच्या अगदी जवळच्या पायऱ्या डोळ्याला टोचतात. पायऱ्या वाढवून आणि पिवळसर-तांबडे एलईडी जोडून यावर उपाय करता येतो. चांगल्या दिव्यांत तो केलेलाही असतो. पण लुमेनचा रकाना यातले काहीच सांगत नाही.

तरीही ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांची बाजू घेण्याचे कारण नाही. हॅलोजनपुढे गडद निळा जिलेटिन लावला की शंभरातले एक-दोन टक्केच प्रकाश पलीकडे जातो, बाकीचा जिलेटिनलाच भाजून काढतो. निळी रात्र उभी करायला निळा एलईडी कितीतरी कमी विजेत तेच काम करतो. हॅलोजनचे आयुष्य साधारण ३०० तास, एलईडीचे हजारो तास. गंमत म्हणजे एलईडीचा हा खरा मोठेपणाही लुमेनच्या तक्त्यात दिसत नाही, कारण निळ्याला तेथे गुणच नाहीत. हा तराजू दोघांवरही अन्याय करतो.

इतिहासही हेच सांगतो. १८८१ च्या डिसेंबरात व्हिएन्नाचे रिंग थिएटर गॅसच्या दिव्यांपायी जळाले, शेकडो प्रेक्षक मेले. त्याच महिन्यात लंडनच्या सव्हॉय थिएटरमध्ये रंगमंचावर विजेचे दिवे लागले. मालक डॉयली कार्ट यांनी पेटता दिवा मलमलीत गुंडाळून प्रेक्षकांसमोर फोडला आणि कापड जळत नाही, हे दाखवले. त्या घडीला महत्त्वाचे माप होते सुरक्षिततेचे. तरी त्याच शहरात हेन्री आयर्व्हिंग यांनी आपल्या लिसियम थिएटरात पुढेही गॅसलाच पसंती दिली. त्यांचे माप होते प्रकाशाच्या मऊपणाचे. दोघेही आपापल्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते.

शाळेच्या सभागृहासाठी दिवे घ्यायचे झाले तर विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : गडद तांबड्याच्या नवव्या नमुन्याचे गुण किती? अगदी मंद करताना प्रकाश उड्या मारतो का? रंगीत प्रकाश हवा असेल तेव्हा प्रत्यक्ष वीज किती लागते? आणि विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. पुठ्ठ्याला ब्लेडने बारीक फट पाडावी, तीमधून येणारा दिव्याचा प्रकाश जुन्या सीडीवर तिरपा घ्यावा आणि परावर्तित पट्टा पाहावा. तंतूच्या दिव्याचा पट्टा सलग दिसेल, पांढऱ्या एलईडीत निळ्यानंतर फिकी जागा दिसेल, तीन रंगांच्या स्वस्त एलईडीत तीन वेगळे डाग दिसतील. त्यानंतर त्याच दिव्यांखाली लाल कापड आणि स्वतःचा तळहात धरून पाहावा. पट्ट्यात जे नाही ते कापडावर येणार नाही, हे मुलांना तेथेच उमगेल. तक्त्यातला आकडा त्यानंतर वाचावा.