‘शकत नाही’ आणि ‘करवत नाही’

दिवाळीत शाळेला सुटी असते, पण मास्तराच्या मनाला ती कुठली! यंदा फराळाचे ताट पुढे आले आणि माझी एक जुनी चूक आठवली. साताऱ्याला इंग्रजीच्या तासाला मी ‘आय कॅनॉट ईट’चे मराठी विचारले होते. एका मुलीने लिहिले, ‘मला खाववत नाही.’ मी ते खोडून तांबड्या शाईने लिहिले, ‘मी खाऊ शकत नाही.’ मागाहून कळले, त्याच आठवड्यात तिची आजी वारली होती.

इंग्रजीच्या एका ‘कॅनॉट’मध्ये आपल्या कितीतरी असमर्थता मावतात. आपण मात्र त्या निवडून ठेवतो. विद्या नसली तर पोहता ‘येत नाही’. सवड नसली तर यायला ‘जमत नाही’. आणि शरीर किंवा मन मागे सरले, की ‘करवत नाही’. या शेवटच्या रूपाला व्याकरणकार शक्य क्रियापद म्हणतात. त्यात ‘मी’चा ‘मला’ होतो. माणूस नाकारीत नाही. त्याच्याच्याने होत नाही, एवढेच.

परक्या भाषा यात अगदीच दरिद्री आहेत असे नव्हे. माझा सांगलीचा एक विद्यार्थी सध्या जर्मन शिकतो. तो ‘इख् कान निष्ट’ घोकीत होता, तेव्हा मला वाटले, हा ‘कॅनॉट’चाच भाऊ. पण तीच भाषा ‘एस गेलिंग्ट मिर निष्ट’ असेही म्हणते, म्हणजे ‘मला ते साधत नाही’. तिथेही ‘मी’चा ‘मला’ झालाच!

कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर यांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, ते ‘विकारविलसित’ या नावाने. त्या राजपुत्राची व्यथा कोणती? हाती तलवार आहे, बापाचा मारेकरी समोर गुडघे टेकून बसला आहे, तरी वार होत नाही. तो मारू शकतो. त्याला मारवत नाही. अवघी शोकांतिका या दोन क्रियापदांमधल्या अंतरात आहे.

म्हणून आजच्या भाषांतरांत जिथेतिथे ‘शकत नाही’ दिसले, की वाईट वाटते. भरलेला ट्रक बुटक्या पुलाखालून जाऊ शकत नाही, हे ठीक; पण आईला मुलाचे हाल बघवत नाहीत, तिथे ‘बघू शकत नाही’ लिहिणे म्हणजे आईचा ट्रक करणे होय.

त्या वहीतली तांबडी शाई आता मला पुसता येत नाही. आणि विसरवतही नाही.