दोन हकीम, दोन लेकरे

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो : 'शाळा सोडण्याचे कारण'. आम्ही शिक्षक त्यात बहुधा 'पालकांच्या अर्जावरून' किंवा 'सतत गैरहजर' असे लिहून मोकळे होतो. अरुंधती रॉय यांची 'द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपिनेस' ही २०१७ सालची कादंबरी मी अर्जुमंद आरा यांच्या उर्दू अनुवादातून वाचली. तिच्यातला आफताब एक दिवस शाळेत जायचे नाकारतो. त्या पानावर मला हा रकाना आठवला. आफताबच्या दाखल्यावर मी काय लिहिले असते?

आफताब जुन्या दिल्लीतला. तीन मुलींनंतर झालेला मुलगा, म्हणून घरात ईद. पण त्याच्या शरीरात मुलगा आणि मुलगी या दोन्हींच्या खुणा आहेत, हे अम्मीला लवकरच कळते. ही गोष्ट ती कित्येक वर्षे नवऱ्यापासूनही लपवते. पोराचा गळा गोड, उस्तादांकडे गाणे शिकतो. बरोबरची मुले मात्र 'हा ना धड तो, ना धड ती' म्हणून टर उडवतात. उस्ताद त्याला वेगळे बसवून शिकवायला तयार होतात, म्हणून गाणे टिकते, शाळा सुटते. पंधराव्या वर्षी तो घर सोडून जवळच्याच 'ख्वाबगाह' या हिजड्यांच्या घरी राहायला जातो आणि अंजुम होतो.

या कादंबरीशेजारी शोएब मन्सूर यांचा 'बोल' (२०११) हा पाकिस्तानी चित्रपट ठेवून पाहावा. तिथे शहर लाहोर, पण घर जवळपास तेच. मुलींची रांग, मग झालेला सैफी, तोही ख्वाजासरा. आणि योगायोग असा की दोन्ही घरांतले अब्बा हकीम आहेत. परक्याच्या मनगटावर बोट ठेवून दुखणे सांगणारी ही माणसे. दोघांनाही पोटच्या लेकराची नाडी सापडत नाही. दोन लेखकांनी एकमेकांना न विचारता बापाला हाच पेशा द्यावा, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

मात्र हे दोन हकीम सारखे नाहीत. 'बोल'मधला हकीम कठोर आहे. सैफीचे तोंड पाहणे त्याला नकोसे. अम्मी आणि बहिणी सैफीला घराच्या आडोशाला वाढवतात, शिकवतात. पोराचा चित्रकलेत हात चांगला. शेजारचा मुस्तफा त्याला ट्रक रंगवण्याचे काम मिळवून देतो. घराच्या आधाराशिवाय बाहेर पडलेल्या त्या कोवळ्या पोरावर तिथे अत्याचार होतो. ही हकीकत हकिमाच्या कानी पडते, आणि निजलेल्या सैफीचा तो श्वास कोंडतो. कशासाठी? इज्जतीसाठी. पुढे पोलिसांचे तोंड बंद करायला हाच दीनदार माणूस मशिदीच्या अमानतीच्या पैशाला हात घालतो. इज्जत आणि ईमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मन्सूर यांनी या एका प्रसंगात जसे दाखवले, तसे दहा भाषणांतून सांगता आले नसते.

रॉय यांचा मुलाकात अली मात्र मऊ माणूस. प्रत्येक प्रसंगाला त्याच्यापाशी एक शेर तयार. तो पोराला मारत नाही, कोंडत नाही. डॉक्टरांकडे नेतो. मर्दानगी अंगी यावी म्हणून पूर्वजांच्या लढायांच्या कहाण्या सांगतो, चंगेजखानाच्या सांगतो. तेमुजिनने पळवून नेलेल्या बायकोला लढून परत आणले, ही कहाणी आफताब तल्लीन होऊन ऐकतो. पण त्याला वीर व्हायचे नसते, ती सोडवलेली बोर्ते खातून व्हायचे असते. कादंबरीतला हा सर्वांत बोलका क्षण. मूल स्वतःची ओळख सांगते आहे आणि बाप पुढची गोष्ट सांगतो आहे. अंजुम घर सोडते तेव्हा हा प्रेमळ बाप संबंध तोडतो. रस्त्यात गाठ पडली तर नजरानजर होते, सलाम होत नाही.

माझे म्हणणे इथे आहे. क्रूर हकीम आणि मवाळ हकीम, दोघांच्याही घरात शेवटी लेकरू नाही. एकाचे कबरीत गेले, दुसऱ्याचे परक्या छपराखाली. आपण 'बोल' पाहून त्या बापाला लानत देतो आणि निवांत होतो, कारण आपण कोणी तसे नाही. पण मुलाकात अली आपल्यातच आहेत. मोहल्ल्यात आहेत, शिक्षक-पालक सभेत आहेत. पोरावर त्यांची माया असते. अट इतकीच की पोराने दुसरे कोणी तरी व्हावे. माया आणि स्वीकार यांत हे अंतर आहे.

अम्मी जहाँआरा बेगम या अंतराच्या मधोमध उभी आहे. बाळाला घेऊन ती हजरत सरमद शहीद यांच्या दर्ग्यात जाते. हे मूल बरे कर, अशी दुआ ती मागत नाही. याच्यावर प्रेम कसे करायचे ते मला शिकव, एवढेच मागते. पुढे ख्वाबगाहमध्ये ती रोज गरम जेवण पाठवते, दर्ग्यात लेकीला भेटते, लपून हात हातात घेते. वाचताना गळा दाटून येतो. तरीही विचारावेसे वाटते : जेवण पोहोचले, पण घरच्या दस्तरखानावर अंजुमची जागा का राहिली नाही?

ही केवळ भावनेची बाब नाही. अमेरिकेत केटलिन रायन यांच्या गटाने २००९ साली २२४ समलिंगी व द्विलैंगिक तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना घरातून तीव्र नकार मिळाला, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण इतरांच्या आठपटींहून अधिक होते. क्रिस्टिना ऑल्सन व सहकाऱ्यांनी २०१६ साली ३ ते १२ वर्षांच्या ७३ पारलिंगी मुलांविषयी लिहिले. घरच्यांनी जसे आहेत तसे स्वीकारलेल्या या मुलांत उदासीचे प्रमाण इतर मुलांइतकेच होते. म्हणजे दुखणे मुलाच्या असण्यात नव्हते. आकडे एवढे सांगतात. घरात नकार कसा रुजतो, ते आफताब आणि सैफी सांगतात.

दोन्ही कृतींत उणिवाही आहेत. सैफी गेल्यावर 'बोल' त्याला विसरतो आणि वाढत्या कुटुंबांवरचे प्रवचन होतो. सैफी स्वतःविषयी फार थोडे बोलतो. तो बापाविरुद्धचा पुरावा होऊन राहतो. रॉय यांची कादंबरी गुजरात, काश्मीर असे पसरत जाते आणि त्या घराचे दार पुन्हा ठोठावत नाही. आणखी एक गोष्ट अशी की दोन्ही लेखकांनी वेगळेपण शरीरापासून सुरू केले. शरीराची खूण दिसली की कनवाळू वाचकाला 'अल्लाहची मर्जी' म्हणणे सोपे जाते. शरीराने मुलगाच, पण मनाने मुलगी, अशा पोराच्या बाबतीत हीच सहानुभूती आखडते.

असे मूल मराठीत भेटते ते 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' या २०१२ सालच्या आत्मकथनात. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या पुढच्या काही भूमिका आपल्याला पटोत वा न पटोत, ठाण्याच्या त्या सनातनी घराची गोष्ट वाचण्यासारखी आहे. थोरला मुलगा हिजडा झाला, हे कळल्यावर घर हादरले. पण वडिलांनी त्याला बाहेर काढले नाही. त्यांना सगळे समजले होते असे नाही, पटले होते असेही नाही. दार उघडे राहिले, एवढेच. दोन हकिमांना जे साधले नाही ते हेच.

आपल्यातला कोणी बुखारीतली 'त्यांना घरांतून काढा' ही हदीस पुढे करील. त्याने इमाम नववींचे विवेचनही वाचावे. मुखन्नस दोन प्रकारचे, असे ते म्हणतात. जन्मतःच ज्याची घडण तशी, त्याच्यावर ना दोष, ना गुनाह. लानत आहे ती मुद्दाम सोंग घेणाऱ्यावर. खुन्सा व्यक्तीच्या वारसाहक्कापासून नमाजातल्या सफेपर्यंत फिकहने विचार केलेला आहे. शस्त्रक्रियेसारख्या आजच्या प्रश्नांवर उलेमांत मतभेद आहेत आणि तो त्यांचा प्रांत. पण पंधरा वर्षांच्या पोराची ताटली उचलण्यासाठी कोणत्याही फतव्याची वाट पाहिली जात नाही, ती मोहल्ल्याच्या भीतीने उचलली जाते. पारलिंगी असल्याच्या कारणावरून मुलाला आईबापांपासून तोडू नये, अशी तरतूद संसदेने २०१९ च्या कायद्यात केली. आईबापांनीच तोडले, तर कायदा उंबऱ्याबाहेर उभा राहतो.

मुस्लिम मराठी साहित्याने तलाक लिहिला, दंगल लिहिली, कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या घरांतली घुसमट लिहिली. त्या घरांतला आफताब लिहिणारी कथा मात्र माझ्या वाचनात आलेली नाही. ती दिल्ली-लाहोरवरून का यावी? ती आपल्या बोलीत, आपल्या गल्लीतून यायला हवी, आणि तिच्यात बाप खलनायक नसावा. त्याला घाबरलेला, गोंधळलेला आणि तरीही दार उघडे ठेवणारा माणूस होऊ द्यावे.

तोवर दाखल्यावरचा तो रकाना माझ्यापुढे आहे. 'सतत गैरहजर' हे कारण नव्हे. कारण त्याच्या आधी घडलेले असते, वर्गात हसण्याने आणि घरात गप्प बसण्याने. वर्गातले हसणे थांबवणे माझे काम आहे. घरातली गप्प अब्बांनी मोडायची आहे.