चाल कोणाची, ठेका कोणाचा?

सुरुवातीलाच एक प्रश्न. ‘हाई झुमका वाली पोर’ हे गाणं इथं कोणी ऐकलं नाही असं आहे का? जळगाव-धुळ्यात त्याच्याशिवाय पुढे सरकलेली वरात आम्ही तरी क्वचितच पाहिली. पडद्यावरचे विनोद कुमावत सगळ्यांना ठाऊक. आवाज भैय्या मोरेंचा, हेही पुष्कळ जण सांगतील. आता दुसरा प्रश्न : त्यातला ठेका कोणी बसवला? बघा, सगळे गप्प. आज आम्हाला या गप्प बसण्याबद्दलच बोलायचं आहे.

त्यासाठी जरा लांब, जमैकाला जाऊ. साल 1985. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीत लॉइड जेम्स, म्हणजे किंग जॅमी, गाणी बनवत होते. गायक वेन स्मिथ आणि त्याचा मित्र नोएल डेव्ही यांना कॅसिओ एमटी-40 या छोट्या कीबोर्डमध्ये एक तयार ठेका सापडला. तो जपानमध्ये हिरोको ओकुदा यांनी बनवलेला. जॅमींनी त्याची गती उतरवली, वर थोडी वाद्यं चढवली आणि ‘स्लेंग टेंग’ उभं राहिलं. बास-ड्रमवाले समोर नसले तरी डान्सहॉल नाचतं, हे त्या गाण्यानं दाखवलं. मग त्याच ठेक्यावर कितीतरी गायकांनी आपापले बोल म्हटले. अशा पायाला तिथं ‘रिडिम’ म्हणतात. रिडिमला स्वतःचं नाव असतं, आणि ते कोणत्या निर्मात्याचं, हे जाणकार श्रोता सांगतो.

ही कल्पना आपल्याला परकी वाटते का? आखाजीला झोक्यावर, कानबाईच्या उत्सवात, भुलाबाईपुढे आपल्या आया-मावश्या काय करतात? चाल एकच, बोल नवे. कधी सासरचा टोमणा, कधी माहेरची वाट. रिडिम म्हणजे आपली चालच की!

फरक पुढे पडतो. झोक्यावरची चाल झोक्याबरोबर लांबते, आखडते. कीबोर्डवर बसवली की ती एका गतीला बांधली जाते. आम्ही याला सरसकट बिघाड म्हणणार नाही. वरातीत शंभर पायांना एकत्र ठेवायचं तर ठोका पक्काच लागतो, आणि तो बसवणाऱ्याचं कसब खरं आहे. पण प्रत्येक गाण्यात तोच ढोल, तीच टाळी, तोच सुरुवातीचा सूर आला, की कान थकतो. जॅमींनी तयार ठेका घेतला, पण तसाच ठेवला नाही. आपल्याकडची बरीच गाणी इथंच कमी पडतात, असं आमचं मत आहे.

दुसरी गोष्ट श्रेयाची. आपल्याकडे ‘निर्माता’ म्हणजे पैसे घालणारा. कायदाही त्याच बाजूला झुकतो : 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माताच. 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा बळकट केला. मात्र नुसता ठेका बसवणारा संगीतकार म्हणून नोंदला गेला नाही, तर त्याच्या हाती ठरलेली मजुरीच उरते. आणि जिच्या तोंडून चाल आली ती आजी? ती तर हिशेबातच नाही. काल सगळ्या गावाची असलेली चाल आज एका चॅनेलची मालमत्ता होऊन बसते.

बहिणाबाईंचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. त्यांची गाणी सोपानदेवांनी जपली, 1952 साली पुस्तक निघालं. आज आपण रचणारीचं नाव घेतो आणि जपणाऱ्याचंही. तेवढंच या गाण्यांसाठी मागायचं आहे. गाण्याखाली दोन ओळी वाढवा : ठेका कोणी बसवला आणि चाल कुठल्या गावची, कुठल्या सणाची. पैसा लागत नाही त्याला. आणि आपण श्रोत्यांनी, पुढच्या वरातीत नाचून झाल्यावर, एकदा तरी विचारावं, ‘वाजवलं कोणी?’