पॅनलमधली लॅडर

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनच्या ७,८५५ एकर औद्योगिक क्षेत्राचे २९ सप्टेंबर २०२४ रोजी लोकार्पण झाले. तिथल्या कारखान्यांत प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहिले जातील, असे कॉलेजातल्या पोराला विचारा. पायथन, जावा, सी ही नावे येतील. सी तर नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'ने घरोघरी पोचवलेली. पण कन्व्हेयर हलवणारी पीएलसी, म्हणजे पॅनलमधला यंत्र चालवणारा छोटा संगणक, बहुधा लॅडर या चित्रमय भाषेवर चालते, आणि लॅडरला भाषा म्हणायला आपले संगणकवाले कचरतात. चित्र काढायचे, त्यात कसली आली भाषा!

चित्र का, याला कारण आहे. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्स रिलेंच्या पॅनलांना वैतागली होती. गाडीचे मॉडेल बदलले की वायरिंग उपसा. त्यावर तोडगा म्हणून डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांची मॉडिकॉन ०८४ ही पीएलसी आली. प्रोग्रॅमला रूप मात्र रिलेच्या नकाशाचेच ठेवले: दोन उभ्या रेघा, मध्ये पायऱ्या, डावीकडे कॉन्टॅक्ट, उजवीकडे कॉइल. वायरमनला नवे व्याकरण घोकावे लागले नाही. रात्रपाळीला बंद मशीनसमोर उभा राहून जो वाचणार, त्याच्या सोयीने घडवलेली अशी भाषा मला दुसरी पटकन आठवत नाही.

चित्र मात्र फसवे. रिलेंच्या पॅनलमध्ये सगळ्या तारांतून वीज एकाच वेळी खेळते. पीएलसी आधी सगळे इनपुट टिपून घेते, मग पायऱ्या वरून खाली एकेक सोडवते, शेवटी आउटपुट बाहेर टाकते, की पुन्हा पहिल्यापासून. ही स्कॅनची फेरी. मोटर चालवणारी वाय५ ही आउटपुटची कॉइल दुसऱ्या पायरीत आणि चाळिसावीतही आली, तर चाळिसावीचे चालते. दुसरी पायरी पडद्यावर उजळलेली दिसते आणि मोटर ढिम्म. नवशिक्याचा अर्धा दिवस इथेच जातो.

एखाद्या नावात शेवटची किंमत कुणी टाकली आणि ती कुठवर पोचते, हा कंपायलरशास्त्राचा जुना प्रश्न. त्या अंगाने आयआयटी मुंबईत मोठे काम झाले. धनंजय ढमढेरे यांनी १९९१ मध्ये, प्रोग्रॅममधले पुन्हा पुन्हा होणारे तेच हिशेब गाळणाऱ्या मोरेल-रेनव्हॉइज यांच्या पद्धतीला व्यवहारात वापरता येईल असे रूप दिले. १९९४ मध्ये उदय खेडकरांबरोबर त्यांनी अशा विश्लेषणाचा व्यापक सिद्धांत मांडला. मी पाहिलेल्या कंपायलरच्या वर्गांत मात्र गाडी टोकन आणि पार्स-ट्रीच्या पुढे फारशी सरकत नाही. दोनदा आलेली कॉइल फळ्यावर काढली असती, तर हे विश्लेषण कशासाठी करायचे ते दहा मिनिटांत कळले असते.

पीएलसीच्या भाषांसाठी १९९३ मध्ये आलेल्या आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाने लॅडरसह पाच भाषा एका छताखाली आणल्या. त्यातली स्ट्रक्चर्ड टेक्स्ट पास्कलच्या वळणाची. हिशेब, सूत्रे, फेरे यांसाठी तीच बरी, लॅडरमध्ये गणित करणे म्हणजे जात्यावर मसाला वाटणे. असेंब्लीसारखी इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ मध्ये बाद होण्याच्या यादीत गेली. फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची नाही, हा मानकाचा मूळ दंडक मला विशेष पटतो. स्कॅन वेळेत संपण्याची हमी अशा बंधनांवरच उभी असते. एका कंपनीचा प्रोग्रॅम दुसरीच्या पीएलसीवर सरळ बसवण्याचे स्वप्न मात्र फसले. सीमेन्सवरचा प्रोग्रॅम मित्सुबिशीवर तसाच उचलून ठेवता येत नाही.

आणि भाषा यंत्रावर उतरताना काय गळते, ते कोणी बोलतच नाही. अनेक जुन्या पीएलसींत फक्त चालणारा प्रोग्रॅम राहतो. नावे आणि टिपा ज्याने लिहिल्या त्याच्या लॅपटॉपवर. मशीन जुने विकले जाते, लॅपटॉप सोबत येत नाही. केबल लावून प्रोग्रॅम वर ओढला, की 'गार्ड उघडे', 'तेल कमी' ही नावे गायब. उरतात एक्स३, एम१०० असे नुसते पत्ते. मग मेंटेनन्सवाला वही घेऊन एकेक बटण दाबत त्यांची बारशी पुन्हा करत बसतो.