फ्रँक्लिनची चोपडी

बेंजामिन फ्रँक्लिननें आत्मचरित्राच्या १७८४ सालीं लिहिलेल्या भागांत आपल्या नित्यनियमाची हकीकत दिली आहे. १३ सद्गुण निवडून तो दर आठवड्यास एकावर विशेष लक्ष ठेवी व रोजचे दोष चोपडींत काळ्या ठिपक्यांनीं टिपी. अशीं वर्षांत ४ आवर्तनें होतात. आमचे उपदेशक हें कोष्टक तेवढें उचलतात. परंतु या प्रकरणाचें खरें मोल पुढील कबुलींत आहे. व्यवस्थितपणा त्याला कधींच साधला नाहीं. तरीही प्रयत्न केला नसता तर झालों असतों त्याहून आपण चांगला व सुखी माणूस झालों, असें तो सांगतो. जमेची बाजू पुष्कळजण मांडतात. तोट्याची न लपविणारा असा हिशेबनीस विरळा. म्हणून नियम मोडतांच खचणाऱ्या तरुणाच्या हातीं कोष्टकाआधीं हीं पानें द्यावींत.